वजनकाट्यावरून

टॅबलेट घेऊन आलेल्या बाईंनी विचारलं,
एक ते दहात सांगा, किती सुखी आहात?
मी खुर्चीवरची धूळ फुंकली.
ती उडाली, थोडी फिरली
आणि बाईंच्या आधी खुर्चीत बसली.

सतरा वर्षं मी या काट्यावर आहे,
विल्होळीच्या पुढं, हायवे सोडून आत.
भरलेला डंपर, रिकामा डंपर,
मधली वजाबाकी माझी.
पावतीवर गाडीचा नंबर, खडी की डबर की क्रश सॅण्ड,
आणि खाली सही: हि. ल. बेंडकुळे.
डोंगर माझ्या सहीनं गेला म्हणा ना.

खांद्या म्हणायचो त्याला.
गावाच्या मावळतीला बसलेला बैल,
रवंथ करत असल्यासारखा.
त्याच्या वशिंडामागं सूर्य जायचा.
सावली आधी लिलक्यांच्या खळ्यावर,
मग शाळेच्या हापशावर,
मग आमच्या उंबऱ्याला लागली
की आई चूल पेटवायची.
घरात घड्याळ होतं, बहिणीच्या लग्नात आलेलं.
त्याला कधी सेल घातला नाही कुणी.

आता वशिंड नाही.
सूर्य वीस मिनिटं उशिरा बुडतो.
शेळ्या बांधावर ताटकळतात,
परत फिरा म्हणणारी सावलीच येत नाही.
बाई, गावाला वीस मिनिटं उजेड जास्तीचा मिळाला,
हा कुठल्या रकान्यात भरता?

खोटं नाही बोलणार.
या काट्यावरच धाकटी नर्सिंग शिकली.
स्लॅब पडला, फ्रीज आला.
फ्रीजमध्ये बाटल्या ओळीनं आहेत,
कारण खांद्याच्या पायथ्याचा झरा आता बाटलीतच भेटतो.
चंदर ड्रिलवर होता, त्यानं लाल बुलेट घेतली.
बुलेट पोरगा चालवतो.
चंदर ओट्यावर बसून खोकतो,
आणि ती निघाली की आवाजावरून सांगतो,
प्लगमध्ये कचरा आहे.

शेठनं मारुतीला घंटा दिली, बावीस किलोची.
वजन मीच केलं.
दुपारी एकला सुरुंग उडतो
तेव्हा ती आपली आपण वाजते,
देवळात कुणी नसताना.
बाया मांडणीला पाठ लावून उभ्या राहतात.
शाळेत गुरुजी थांबतात: सात सत्ते...
धडाम.
एकोणपन्नास, म्हणतात पोरं.

नात माझी दीड वर्षाची.
भोंगा झाला की स्वतःच कानांवर हात ठेवते
आणि हसते.
तिला वाटतं हा खेळ आहे, सगळं गाव खेळतं.
तिचे दहापैकी दहा लिहा.
लिहिताना माझ्याकडे बघू नका.

दिवाळीत बहिणीकडे गेलो, पाथर्डी फाट्याला.
चौथा मजला, लिफ्ट, बाल्कनीत कुंड्यांतली तुळस.
दुपारी बाल्कनीच्या खांबाला पाठ टेकली,
उन्हानं तापलेला खांब,
शेळ्या राखताना टेकायचो त्या कातळाइतकाच तापलेला.
ती म्हणाली, असा का उभा आहेस?
म्हटलं, काही नाही,
ओळखीचा निघाला.
ती हसली नाही.
चहा ठेवते म्हणाली आणि आत बराच वेळ राहिली.

बाई अजून थांबल्यात. बोट टॅबलेटवर टेकलेलं.
तेवढ्यात डंपर आला, एकोणतीस टन सातशे,
मी पावती फाडली, क्लीनरनं ती दातात धरली.

बाई, आमच्याकडे पद्धत आहे.
गाडी आधी रिकामी घ्यायची काट्यावर.
रिकामं वजन माहीत नसेल
तर भरलेल्या गाडीत माल किती, देव सांगणार नाही.
तुम्ही खांद्या असताना यायला पाहिजे होतं,
आमचं तेव्हाचं वजन घ्यायला.

त्यांनी सहा दाबलं.
मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.
स्कूटीची सीट पुसून बाईंनी हात पाहिला,
ओढणीला पुसला, परत पाहिला.

सहा वाजून गेलेत.
उजेड आहे अजून.
काय करायचं त्याचं, कुणी ठरवलेलं नाही.